खाली जाणारी हवा

“पाय,” बापू म्हणाले.

मी दोन्ही मांड्यांवरच्या पट्ट्या त्यांच्यासमोर खेचून दाखवल्या. बकलं खटकन वाजली.

“दिसलं,” ते म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

म्हसोबाच्या माळावरची ही रीत. पॅराग्लायडिंगचा कापडी पंख डोक्यावर घेऊन कड्यावरून धावत सुटायच्या आधी प्रत्येकाने आपले पाय दुसऱ्या कुणाला तरी दाखवायचे. समोरचा “दिसलं” म्हणाला की मगच जमीन सोडायची. आम्ही ज्यात बसून उडतो त्या हार्नेसला तीन बकलं असतात, एक छातीवर आणि दोन मांड्यांवर. मांड्यांवरची लावली नाहीत तर उडाल्यावर माणूस बसत नाही, खाली घसरतो, आणि काखा अडकतात म्हणून तेवढ्यावर लोंबकळत राहतो. किती वेळ, ते त्याच्या हातांवर अवलंबून. आणि एकदा “दिसलं” झाल्यावर बकल सोडलं, तर पुन्हा दाखवायचं. मग ते घाम पुसण्यासाठी सोडलेलं असो की पँट वर ओढण्यासाठी.

मला या रीतीचा राग होता. मी साताऱ्यात भूल देणारी डॉक्टर. ऑपरेशन सुरू व्हायच्या आधी भल्याभल्या सर्जनना यादी वाचून दाखवायला लावणारी बाई मी, आणि इथे वाईच्या एसटी डेपोतून निवृत्त झालेला एक मेकॅनिक मला दर रविवारी पाय दाखवायला लावणार. आदल्या रविवारी मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, “बापू, रोज चार माणसांना झोपवून परत उठवते मी. माझं बकल मला लावता येतं. तुम्ही आपली एसटी तपासा.”

कुणी हसलं नाही. बापू चोरगे खाली वाकले, कुणाची तरी दोरी सोडवू लागले. एकसष्ट वर्षांचे, बारीक अंगाचे, टोपीखालून कानावर आलेले पांढरे केस. माळावर उडणाऱ्या आम्हा बाराजणांतल्या निम्म्या लोकांना त्यांनीच शिकवलं होतं, मलासुद्धा. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते आणि माझी जीभ माझ्यापेक्षा दोन पावलं पुढे चालायची. चौदा वर्षं झाली त्याला.

तो मार्चअखेरचा दिवस होता. तीन आठवडे उलटा वारा सोसून आम्ही सगळे कावलो होतो. त्या दिवशी मात्र पश्चिमेचा वारा सरळ कड्यावर येत होता आणि दरीवर कापसाचे छोटे ढग रांगेने लागले होते. असा दिवस वर्षातून एखादाच मिळतो. फिरोज इनामदार सगळ्यात आधी उडाला. त्याची वाईत बेकरी आहे. इथून उडून थेट फलटणला उतरायचं हे त्याचं चार वर्षांचं वेड होतं, आणि बेकरीतली पोरंसुद्धा त्याला “फलटण कधी?” म्हणून छळायची. अर्ध्या तासात तो नदीपलीकडे ढगाच्या बुडाला जाऊन लागला. रेडिओवर त्याचा आवाज आला, “आज होतंय बहुतेक.” पाठोपाठ तांबे सर गेले. ते शाळेत गणित शिकवायचे आणि हवेतही आकड्यांतच बोलायचे. मग बाकीचे. माळावर उरलो मी आणि बापू.

बापूंनी माझे पाय आधीच बघितले होते, पण बाकीचे उडाले आणि वारा पडला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. घरून निघताना मी तांब्याभर ताक प्यायले होते, ते आता आपलं काम करायला लागलं. मी पंख हार्नेसला जोडणाऱ्या कड्या सोडून ठेवल्या आणि करवंदीच्या जाळीमागे गेले. हार्नेस पाठीवरच राहू दिला, छातीचं बकल तसंच, मांड्यांवरची तेवढी सोडली. परत येते तर वारा भरलेला. झाडांची पानं उलटी होत होती. मी धावत जाऊन कड्या अडकवल्या, त्या नीट बसल्या की नाही हे दोनदा बघितलं, छातीवर हात फिरवला. बकल होतं. सगळं झालं असं मला अगदी आतून वाटलं. पंख डोक्यावर आला आणि मी धावले.

जमीन सुटली. नेहमीसारखी मी मागे बसायला गेले, तर मागे काही नव्हतं.

एका झटक्यात हार्नेस माझ्या कानांपर्यंत वर गेला आणि मी खाली. छातीची पट्टी गळ्याशी आली, काखांत पट्टे रुतले आणि पाय मोकळे हलायला लागले. खाली माळाची कड संपली आणि हजार-बाराशे फूट खाली शेतांचे तुकडे आले.

रेडिओ खांद्याच्या पट्ट्यावर होता, कानाजवळ. त्यातून बापूंचा आवाज आला.

“पोरी, ऐक. तोंडाम्होरच्या दोन पट्ट्या धर. घट्ट धर. कोपरं खाली दाब. हात वर केलेस की निसटशील.”

पाच वर्षांत त्यांनी मला कधी ‘तू’ म्हटलं नव्हतं. मी पट्ट्या धरल्या. कोपरं खाली दाबली.

“आसं. आता काय बी करू नगंस.”

पण मी केलं. एक पाय उचलून कशात तरी अडकवावा, म्हणजे बसता येईल, असं वाटलं. पोटाला पीळ देऊन गुडघा वर घेतला आणि दोन बोटं खाली घसरले. छातीची पट्टी हनुवटीला लागली.

“पाय सोड. पुन्यांदा न्हाई करायचं. आइकलंस न्हवं?”

उत्तर द्यायला बटण दाबावं लागतं आणि बटण दाबायला हात लागतो. मी नुसती मान हलवली. कुणाला दिसणार होती ती?

आता खाली उतरायचं एवढंच होतं. एरवी माळावरून खालच्या शेतात उतरायला सहा मिनिटं पुरतात. सहा मिनिटं धरून राहायचं, झालं. मी मनात सेकंद मोजायला लागले आणि तेवढ्यात व्हेरिओ वाजायला लागला.

व्हेरिओ म्हणजे काडेपेटीएवढं यंत्र. आपण वर चाललो की ते टिंग टिंग वाजतं, खाली चाललो की रडका सूर लावतं. पायलट त्या टिंग टिंगवर जगतो. ऊन तापलेल्या जमिनीवरून हवा वर उठते, तिच्यात गोल फिरत आम्ही वर चढतो, आणि कुणाला ती सापडली की तो ओरडून बाकीच्यांना बोलावतो. त्या दिवशी सगळी दरीच वर उठत होती. माझं यंत्र हर्षाने वाजत होतं, आणि मी काखांवर लोंबकळत सेकंदाला तीन मीटर या वेगाने वर चालले होते. माळ माझ्या पायाखाली लहान होत गेला.

मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट नको तेव्हा आठवली. हाताचं ऑपरेशन असलं की मी काखेत सुई घालून तिथल्या नसा बधिर करते. आधी बोटांना मुंग्या येतात. मग बोटं जड होतात. मग रुग्ण स्वतःच्या हाताकडे दुसऱ्याचा हात असल्यासारखं बघतो. दहा मिनिटं, फार तर पंधरा. माझ्या काखेत आता सुई नव्हती, माझंच सगळं वजन होतं. करंगळीला मुंग्या यायला सुरुवात झाली होती.

“समद्यांनी ऐका,” बापू रेडिओवर म्हणाले. तेही उडाले होते. माझ्या मागे, जरा वरच्या अंगाला त्यांचा पिवळा पंख डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होता. “डॉक्टरीणबाईंचं पाय बांधलेलं न्हाईत. काखंवर हायती. आन् वर चालल्यात.”

समोर आकाशात फिरोज सोडून आमचे नऊ पंख दिसत होते, एकाच उठत्या हवेत एकमेकांभोवती फिरत असलेले. मी बघत होते आणि एकेक पंख त्या चक्रातून बाहेर पडला. एक उत्तरेला गेला, दोन नदीकडे, एक डोंगराच्या सावलीकडे. पाहता पाहता सगळे दरीभर पांगले, माझ्यापासून दूर दूर. मला वाटलं, यांना बघवत नाही, म्हणून चालले. मला राग नाही आला. मीही बहुतेक तेच केलं असतं.

मग तांबे सरांचा आवाज आला. “तांबे. शाळेवर. वर दोन. इकडे नको.”

दुसरा कुणीतरी, “देवळाच्या अंगाला वर तीन. नको.”

“खाणीवर वर चार. अजिबात नको.”

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. ते खाली जाणारी हवा शोधत होते, आकडे सेकंदाला किती मीटर याचे. वर उठणाऱ्या हवेच्या मधेमधे खाली बसणारी हवाही असते, पण तिच्यात कुणी थांबत नाही. सापडली की शिव्या देऊन बाहेर पळतो. तीन आठवडे वाट बघून मिळालेल्या दिवशी नऊ माणसं दरीभर पसरून तीच हवा हुंगत होती. खालच्या थरात काय आहे हे कळावं म्हणून काहींनी पंखांची टोकं दुमडली आणि दगडासारखे खाली गेले. कमावलेली उंची ते मूठमूठ टाकत होते. प्रत्येकजण आपल्या तुकड्यातली खबर सांगत होता आणि पुढच्या तुकड्याकडे सरकत होता. कुणी कुणाला जागा वाटून दिली नव्हती.

मी त्या आधी पुष्कळ आकाश बघितलं होतं. असं आकाश नव्हतं बघितलं. भीती तशीच होती, बोटं जात होती, आणि तरी मी त्या पसरलेल्या रंगांकडे बघतच राहिले. हे माझ्यासाठी चाललंय हे मनाला पटत नव्हतं.

“डावी मूठ दोन बोटं ओढ,” बापू म्हणाले. “जास्ती न्हाई. डोंगर सोडायचा, दरीच्या मदी जायचं. मी हाय मागं.”

पंख वळवायच्या ब्रेकच्या मुठी उडाल्यापासून हातांतच होत्या; मी डावी दोन बोटं ओढली. म्हणजे ओढली असावीत, कारण पंख वळला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता माझं राहिलं नव्हतं.

“फिरोज, ऐकतोयस का? तू आहेस तिथून पुढे जा,” तांबे सर म्हणाले. “आम्ही आहोत इकडे.”

ढगाच्या बुडाशी फिरोजचा लाल पंख ठिपक्याएवढा दिसत होता. तो ठिपका एकदम आडवा झाला आणि भोवऱ्यासारखा गरगरत खाली यायला लागला. अर्ध्या तासात चढलेली उंची त्याने मिनिटाभरात उधळली. मग रेडिओवर त्याचा धापा टाकणारा आवाज आला.

“फिरोज. नदीकाठच्या उसावर आहे. पाणी दिलंय आजच, रान ओलं आहे. खाली चार. खाली पाच. चांगली मोठी जागा आहे. इकडे आणा.”

“चल पोरी,” बापू म्हणाले. “उसाकडं.”

त्या उसापर्यंतची दोन मिनिटं मला नीट आठवत नाहीत. बापू बोलत होते एवढं आठवतं. त्यांनी मला डेपोतल्या कुठल्याशा गाडीची गोष्ट सांगितली, जिचा ब्रेक फक्त पसरणीच्या घाटातच बिघडायचा. का सांगितली देव जाणे. बहुधा मी मोजणं थांबवावं म्हणून. मग व्हेरिओचा टिंग टिंग मंदावला, थांबला, आणि त्याने रडका सूर लावला. त्या आवाजाइतकं गोड मी आजवर काही ऐकलेलं नाही.

मी मान जरा वळवली. फिरोज माझ्या उजव्या हाताला होता, मला त्याच्या दाढीवरचा घाम दिसेल इतक्या जवळ. डावीकडे बापू. वर आणखी दोघं, खाली चौघं. ज्याला जसं जमलं तसा प्रत्येकजण त्या खाली जाणाऱ्या हवेत येऊन उभा राहिला होता. कडेकडेने फिरणारे सांगत होते, “इथे संपली, आत या.” “पूर्वेला सरका, पूर्वेला अजून आहे.” एरवी आम्ही असे एकत्र फिरत वर चढतो. त्या दिवशी बारा पंख एकमेकांना धरून असल्यासारखे दरीत खाली बसत होते.

“बोटं गेली,” मी मोठ्याने म्हणाले. रेडिओवर नाही, नुसतीच.

फिरोजने ते ऐकलं. “मनगटं अडकवा,” तो तिकडून ओरडला. “पट्ट्यांत मनगटं अडकवा, ताई.”

मी मनगटं अडकवली.

उसापलीकडे नांगरून टाकलेलं एक रान होतं. खालचे चौघं आधीच तिथे उतरले होते. पंख तसेच ढेकळांत टाकून ते माझ्या वाटेवर हात पसरून उभे होते, तांबे सर सगळ्यात पुढे, चष्म्याशिवाय. जमीन वर आली. माझ्याने ब्रेक ओढवेनात. पाय ढेकळांना लागले, गुडघे दुमडले, आणि कुणीतरी कमरेला, कुणीतरी पायांना, कुणीतरी हार्नेसला मिठी मारली, आणि आम्ही पाचजण एकावर एक पडलो. तोंडात माती गेली. ती मी थुंकले नाही.

माळावरून सुटून मला अकरा मिनिटं झाली होती. व्हेरिओत नोंद असते.

त्या रानाची मालकीण, हौसाबाई, बांधावरून खुरपं हातात घेऊन आली. तिने माझ्या काखांतले वळ बघितले, पदराने माझं तोंड पुसलं, आणि मग एकामागून एक रानात उतरणाऱ्या माणसांकडे बघितलं. सगळ्यात शेवटी फिरोज उतरला.

“ही बाय पडत हुती, ते समजलं,” ती म्हणाली. “ह्ये बाकीचं समदं कशापायी उतरलं?”

फिरोजने हेल्मेट काढलं. “वर राहून काय करायचं होतं, मावशी?”

मी पाठीवर पडून वर बघितलं. ढग तसेच रांगेने लागले होते, थेट फलटणकडे. दुपारचे तीन वाजत होते. वर्षातल्या सगळ्यात चांगल्या दिवशी आकाशात एकही पंख नव्हता, आणि ते आकाश मला भरलेलं वाटलं. मी तेव्हा रडले. भीतीने नाही.

कुणी मला रागावलं नाही. हौसाबाईने पाणी आणलं, तांबे सर ढेकळांत चष्मा शोधायला लागले, फिरोज माझी बोटं एकेक करून चोळत बसला. बापू मात्र लांब, बांधावर जाऊन बसले होते. हातात जीव आल्यावर मी उठून त्यांच्याकडे गेले. चांगली मोठी माफी मागायची असं ठरवून गेले.

“बापू,” मी म्हणाले.

“माझीच चूक झाली, डॉक्टर,” ते म्हणाले. ‘तुम्ही’वर आले होते. “तुमी जाळीमागं गेलात, ते मी बघितलं. परत आलात, कड्या लावल्यात, त्येबी बघितलं. इचारायचं तोंडावर आलं हुतं, पाय दाखवा म्हणून. पर म्हणलं, मागल्या खेपेला बोललात. पुन्यांदा सगळ्यांम्होरं कशाला. म्हणून गप बसलो.”

माळावर त्या वेळी आम्ही दोघंच होतो. ‘सगळे’ नव्हतेच कुणी. हे त्यांना सांगावं असं मला वाटलं, पण त्याने काय झालं असतं? एका वाक्यात मी या माणसाचं तोंड बंद केलं होतं, आणि तेवढंच मला मारायला पुरेसं होतं. मी आयुष्यात पुष्कळ चुका केल्या, पण इतकी लाज मला कधी वाटली नाही. ठरवलेली माफी राहिलीच. मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचे हात माझ्या अर्धवट बधिर हातांत धरले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही काखा काळ्यानिळ्या. तरी मी हॉस्पिटलला गेले. पहिलं ऑपरेशन नऊला होतं. आठ वाजता थिएटरमध्ये फक्त सिस्टर बनसोडे होत्या, औषधांच्या कुप्या मांडत. सहा वर्षं त्या माझ्यासोबत काम करत होत्या आणि सहा वर्षांत आम्ही कामापलीकडे बोललो नव्हतो.

“सिस्टर,” मी म्हणाले, “तुम्ही मला काही सांगायला हवं होतं, किंवा विचारायला हवं होतं, आणि मी चिडेन म्हणून तुम्ही गप्प बसलात, असं कधी झालंय का?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हातातली कुपी ट्रेमध्ये ठेवली, जाऊन दार लोटलं, स्टूल माझ्यासमोर ओढलं, आणि त्या बसल्या.